ओढ्याच्या पाणलोटाचा पूरनियंत्रण आराखडा: सुरुवात कुठून करायची आणि पैसा कसा उभा करायचा?

रुंदीकरण वरच्या भागातून सुरू करू नका. सुटलेलं पाणी खालच्या अरुंद मोरीशी (रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या वाटेशी) तुंबतं, पूर फक्त जागा बदलतो. काम मुखाकडून (ओढा जिथे नदीला मिळतो तिथून) वर न्या. पाणी अडवणारे साठवण तलाव मात्र वर आधी बांधले तरी चालतात.

मोरी किती मोठी हवी ते विसर्गावरून, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या पाण्यावरून ठरतं. विसर्ग = प्रवाह गुणांक (पडलेल्या पावसाचा वाहून जाणारा वाटा) × पावसाची तीव्रता (मिमी/तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ 360. गुणांक 0.7, तीव्रता 60, क्षेत्र 60 असेल तर 7 घनमीटर प्रतिसेकंद. तीव्रता दिवसाच्या सरासरीवरून घेतली की मोरी हमखास लहान पडते. सर्वांत दूरचं पाणी मोरीपर्यंत पोचायला लागतो तेवढ्याच वेळात पडणाऱ्या पावसाची तीव्रता घ्या. मोठ्या पाणलोटाला हे सूत्र पुरत नाही, जलालेखच (वेळेनुसार विसर्ग कसा चढतो-उतरतो याचा आलेख) हवा.

बांधकामाला कर्ज किंवा अनुदान चालतं. गाळ काढायला दरवर्षीचं हक्काचं उत्पन्न लागतं; पाणी न मुरता वाहून जातं ते छप्पर आणि फरसबंदीवरून, म्हणून त्यांच्या क्षेत्रफळावर शुल्क लावणं सर्वांत न्याय्य.