एकोणीस पूर्ण, पण कधी? बास्केटबॉलच्या वयाबद्दल आणि शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलाचा जन्म जानेवारी २००९ चा. २०२७ मध्ये बारावी होईल. त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टला नाव देता येईल का? बारावीला किती टक्के लागतात?
— एक पालक, सांगली

टक्क्यांचा प्रश्न आधी मिटवू. एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग गुणपत्रिका मागतच नाही. भारतात राहून, भारतात शिकून नाव देणाऱ्याला बारावी पास असण्याचीही अट नाही. मार्क मागतात ती अमेरिकन कॉलेजं. लीगचा नियम आणि कॉलेजांचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं त्यांच्या सरमिसळीतूनच येतात.

२०२७ मात्र जमणार नाही. तुमच्या मुलाला पहिली संधी २०२८ ला. ज्या वर्षी ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला १९ पूर्ण व्हायला हवीत. ड्राफ्ट जूनअखेरीस असतो, पण त्या दिवशीचं वय कोणी मोजत नाही. कूपर फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. जून २०२५ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा १८ चाच होता. डिसेंबरात १९ होणार होता, तेवढं पुरलं. उलट व्हिक्टर वेंबान्यामाचा जन्म ४ जानेवारी २००४ चा. तो चार-पाच दिवस आधी जन्मला असता तर २०२२ च्या ड्राफ्टला पात्र ठरला असता. प्रत्यक्षात त्याला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. तुमच्या मुलाचंही जानेवारीमुळेच एक वर्ष गेलं. २००८ च्या डिसेंबरात जन्मलेला त्याचा वर्गमित्र २०२७ ला पात्र आहे.

आता प्रक्रिया. ज्या वर्षी परदेशी खेळाडूला २२ पूर्ण होतात, त्या वर्षी तो आपोआप पात्र ठरतो, अर्ज लागत नाही. त्याआधी यायचं असेल तर ड्राफ्टच्या किमान ६० दिवस आधी लीगकडे लेखी नाव द्यावं लागतं. साधारण एप्रिलचा शेवट धरा. नाव मागे घ्यायची मुदत ड्राफ्टच्या १० दिवस आधी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ ला संपते. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे अडीच. तारखेच्या घोळात इथेच फसायला होतं. नाव मागे घेतलं नाही आणि कोणी निवडलंही नाही, तर ड्राफ्टचा मार्ग संपतो. पुढे मोकळा खेळाडू म्हणून एखाद्या संघाशी करार करता येतो, इतकंच. दोन फेऱ्या मिळून जास्तीत जास्त ६० नावं निवडली जातात आणि ती साऱ्या जगातून. नाव देणं म्हणजे निवड होणं नव्हे.

भाचा न्यू जर्सीत अकरावीत आहे. तो भारतीय नागरिक आहे, मग त्याला परदेशी खेळाडूचाच नियम लागू होईल ना?
— एक वाचक, ठाणे

नाही. पासपोर्टवर काही ठरत नाही. परदेशी खेळाडू म्हणून गणना व्हायला तीन गोष्टी एकदम हव्यात: ड्राफ्टपूर्वी किमान तीन वर्षं अमेरिकेबाहेर कायम वास्तव्य आणि तिथेच खेळ, अमेरिकन कॉलेजात कधीही प्रवेश घेतलेला नसणं, आणि हायस्कूल अमेरिकेत पूर्ण केलेलं नसणं. तुमचा भाचा पहिल्याच अटीत बाद होतो.

त्याला १९ वर्षांची अट तर आहेच, शिवाय हायस्कूल संपल्यावर एनबीएचा एक पूर्ण हंगाम उलटलेला हवा. शाळा मध्येच सोडून दिली तरी सुटका नाही, कारण तशा वेळी ‘त्याचा वर्ग जेव्हा पास झाला असता’ ती तारीख धरतात. मधलं वर्ष कुठे घालवायचं हे मात्र लीग सांगत नाही. बहुतेक मुलं कॉलेजात जातात. ब्रँडन जेनिंग्स २००८ मध्ये रोमच्या संघात गेला आणि २००९ ला दहावा निवडला गेला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात इलावारा हॉक्सकडून खेळला आणि २०२० ला तिसरा आला. एनबीएच्याच जी लीग या दुय्यम लीगमध्ये किमान वय १८ आहे. तिथे अशा मुलांसाठी २०२० मध्ये काढलेला इग्नाइट संघ २०२४ मध्ये बंद झाला. गुरदासपूरचा प्रिन्सपाल सिंग याच संघातून खेळला होता.

कोबी ब्रायंट तर सतराव्या वर्षी आला होता. मग आताच हा नियम का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

हो, १९९६ ला निवड झाली तेव्हा कोबी १७ चा होता; करारावर आईवडिलांच्याही सह्या लागल्या.

त्याआधीचा काळ याहून कडक होता. हायस्कूल संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नव्हता. स्पेन्सर हेवूड या खेळाडूने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला आणि दार उघडलं. १९९५ ला केविन गार्नेट, २००१ ला क्वामे ब्राऊन, २००३ ला लेब्रॉन जेम्स थेट शाळेतून आले. २००५ मधला अँड्र्यू बायनम हा एनबीएत खेळलेला सर्वांत लहान खेळाडू: १८ वर्षं ६ दिवस.

त्याच वर्षी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात १९ वर्षांचं कलम आलं आणि २००६ पासून लागू झालं. लीगला शाळकरी पोरांवर कोट्यवधींचा जुगार नको होता, आणि कॉलेजात वर्षभर तुल्यबळ मुलांसमोर खेळताना पाहिलं की अंदाज कमी चुकतो. आमच्या मते यात मुलांच्या शिक्षणाची काळजी फारशी नाही. तशी असती तर एका वर्षावर कोणी थांबलं नसतं. २०२३ च्या करारातही कलम तसंच राहिलं.

सतनाम सिंग कॉलेजात न जाता निवडला गेला. तो अमेरिकेत शिकत होता ना?
— क्रीडाशिक्षक, नागपूर

शिकत होता, म्हणूनच त्याला परदेशी खेळाडूची सवलत लागू नव्हती. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम २०१० पासून फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत होता. एनसीएए या अमेरिकन कॉलेज-क्रीडा संघटनेच्या शैक्षणिक अटी पूर्ण न झाल्याने कॉलेजचं दार बंद होतं. मात्र हायस्कूलनंतरचं एक जादा वर्ष त्याने तिथेच काढलं होतं आणि वयही १९ होतं. दोन्ही अटी पूर्ण झाल्या आणि २०१५ ला डॅलसने त्याला ५२ वा निवडलं. एनबीएच्या नियमित हंगामात मात्र तो एकही सामना खेळला नाही. तुमच्या शाळेतल्या मुलाला कोणी ‘अमेरिकेत अकरावी-बारावी करा’ म्हणत असेल, तर एक वर्षाची ही जादा अट हिशेबात धरा.

एनसीएएसाठी महाराष्ट्र बोर्डाच्या मुलीने काय तयारी ठेवावी? ती अकरावी कॉमर्सला आहे.
— आई, नाशिक

पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांसाठी नववीपासूनच्या चार वर्षांत १६ ‘कोअर’ विषय-वर्षं (एक मुख्य विषय वर्षभर शिकला की एक) आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. वाटणी अशी: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २, आणि उरलेली ४ यांतूनच किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांतून. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने काढली. कॉलेज स्वतःहून मागू शकतं.

कॉमर्सवाल्यांची अडचण इथेच येते. बुककीपिंग, एसपी हे व्यवसायाचे विषय कोअरमध्ये धरले जातील अशी आशा ठेवू नका. अर्थशास्त्र, इंग्रजी, गणित चालतं. मुलीने अकरावीत गणित सोडलं असेल तर नववी-दहावीची दोनच वर्षं हातात राहतात. विषय बदलता येत असेल तर आत्ताच बदला.

कागद: नववीपासून प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं. बोर्डाच्या कागदांवर इंग्रजी असतं, पण नववीचं प्रगतिपुस्तक अनेक शाळा निव्वळ मराठीत देतात. त्याचं ओळीला ओळ असं प्रमाणित भाषांतर लागतं. सारांश चालत नाही. मुख्याध्यापकांची बदली व्हायच्या आत प्रत काढून घेतलेली बरी. दुसरं म्हणजे वर्षं चार म्हणजे चारच. बारावी ‘चांगले मार्क पडावेत’ म्हणून पुन्हा दिली तर ते सुधारलेले गुण धरले जाण्याचा भरवसा नाही.

इतकं जमत नसेल तर दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत. तिथे हायस्कूल पास असणं पुरतं आणि पुढे चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेता येते.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, खरी नोव्हेंबरातली, आणि वर्ष एकाने पुढचं. स्पर्धांत फायदा होतो म्हणून तशीच ठेवली. चालेल?
— वाचक, बीड

चालणार नाही. १४, १७, १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत कागदोपत्री लहान असल्याचा फायदा मिळाला, पण कागदावर वर्षाने लहान असलेला मुलगा ड्राफ्टलाही वर्षाने उशिरा पात्र ठरतो. त्यातून पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरी तारीख दिसली की परदेशात फाइल तिथेच अडकते. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला आधी काढा, दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करून घ्या, पासपोर्ट त्यानंतर. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीची तारीख छापली गेली की तीच दुरुस्ती कैकपट अवघड होते.

मुलींसाठी डब्ल्यूएनबीएचं वय?
— वाचक, पणजी

२०२० च्या करारात परदेशी खेळाडूला त्या वर्षी २० पूर्ण, अमेरिकन कॉलेजात शिकणारीला २२ पूर्ण किंवा पदवी अशी अट होती. अमेरिकेत शिकायला गेलेली मुलगी कॉलेजवालीच्या नियमात येते. सध्या लागू असलेल्या करारात हे कलम आधी वाचावं.

सोळा वर्षांच्या मुलाला स्पेनच्या क्लबचं बोलावणं असल्याचं एक एजंट सांगतो. खरं मानावं?
— वडील, पुणे

फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमानुसार १८ पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद फक्त विशेष प्रकरणांत, आणि त्यासाठी शिक्षणाची सोय वगैरे दाखवावी लागते. लुका डॉन्चिच १३ व्या वर्षी माद्रिदला गेला, १६ व्या वर्षी पहिल्या संघातून खेळला आणि २०१८ ला १९ चा असताना तिसरा निवडला गेला, हे खरं. पण त्याला क्लबने नेलं होतं. भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून क्लिअरन्स पत्र कोण आणि कधी मागणार, मुलाची शाळा कोणती, राहण्याचा खर्च कोण करणार, हे क्लबच्या लेटरहेडवर लेखी मागा. एजंट तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.