अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन दिल्याने फुप्फुसांना इजा होते का?

आपले ३० व्या आठवड्यात जन्मलेले बाळ सांगलीत ऑक्सिजनवर आहे, तो बंद करायला सांगावे का, असे आपण विचारले आहे. कृपया तसा आग्रह धरू नका. या घडीला तोच त्याचा आधार आहे. मात्र गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दीर्घकाळ मिळाल्यास, त्यातून तयार होणारे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) निष्प्रभ करण्याची क्षमता अशा बाळात अपुरी असल्यामुळे, फुप्फुसांना सूज येते, वायुकोशांची (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची) वाढ खुंटते आणि ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेजिया हा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार जडू शकतो; व्हेंटिलेटरचा दाब आणि जंतुसंसर्गही त्याला हातभार लावतात. म्हणून तळपायाला बांधलेल्या, लाल उजेडाच्या सेन्सरवर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के दिसेल एवढाच पुरवठा ठेवतात. ऑक्सिजन चालू असताना १०० आकडा पाहून घरच्यांना हायसे वाटते, पण तो खरे तर पुरवठा कमी करण्याचा इशारा असतो. जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होऊ शकते, म्हणून त्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत अवश्य करून घ्या.