मालक सोडून गेला, फाइल कुणाची?

प्रश्न : ताई, मी कुंडई औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. आठ वर्षं आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे. आता नवीन भागीदार आलेत, त्यांचं सगळं मायक्रोसॉफ्टवर, म्हणून आम्हालाही शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फायली ठेवायच्या ऑनलाइन जागी, जायचंय. संगणकाचा माणूस म्हणतो, "डाउनलोड करायचं, तिकडे अपलोड करायचं, दोन दिवसांचं काम." साहेब म्हणतात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत उरकून घ्या. मला यातलं फारसं कळत नाही, पण स्टॉकची शीट आणि पार्ट्यांची उधारी माझ्याच अंगावर आहे. मी नेमकं कुठे लक्ष ठेवू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन दिवसांत होईल, तो माणूस खोटं बोलत नाही. फायली दोन दिवसांत जातातच. पुढचे दोन महिने "अगो, ती रेटची फाइल खंय गेली?" करत लोक तुमच्या टेबलापाशी येतात, ते त्याच्या कोटेशनमध्ये धरलेलं नसतं.

आधी चवथीचं बघू. साहेबांना नाही म्हणा. कारखान्यातल्या कुठल्या फोल्डरात काय आहे हे ज्या एका माणसाला पाठ असतं, तो चवथीला सत्तरीत गावच्या घरी शिडीवर चढून गणपतीवरची माटोळी, फळापानांचं छत, बांधत असतो. त्याचा फोन लागणार नाही, आणि लागला तरी लावू नये. तारीख तुम्हीच सुचवा. तुमचं जीएसटीचं विवरणपत्र दरमहा जात असेल तर ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. म्हणजे २१ ते २८ एवढीच मोकळी जागा. चवथ झाल्यावरच्या महिन्यात तेवढे दिवस मागून घ्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही आम्ही गोव्यातली माणसं, आपल्याला हे पटकन समजेल. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला जावं आणि त्यावर पणजोबांचं नाव निघावं, असं किती घरांत झालंय? घरात आपण राहतो, पट्टी आपण भरतो, नारळ आपण पाडतो, पण कागदावर मालक वेगळाच. गूगल ड्राइव्हवर अगदी हेच असतं. 'माय ड्राइव्ह'मध्ये ज्याने फाइल बनवली, ती त्याच्या खात्याची. बाकीच्यांना फक्त वापरायची परवानगी. आठ वर्षांपूर्वी तुमची उधारीची शीट ज्या मुलाने बनवली, तो समजा दुबईला गेला. शीट तुम्ही रोज उघडता, पण मालक तोच. त्याचं खातं अजून जिवंत आहे म्हणून काम चाललंय. उद्या लायसन्सचे पैसे वाचवायला कुणी ते खातं उडवलं आणि उडवताना फायली दुसऱ्याच्या नावावर केल्या नाहीत, तर खातं परत आणायला २० दिवस मिळतात. त्यानंतर रडून उपयोग नाही.

आणि डाउनलोडचं म्हणाल तर, तुमच्या खात्यातून टेकआउट (गूगलची सगळं एकदम उतरवायची सोय) केलं की तुमच्या मालकीचं तेवढं येतं. 'शेअर्ड विथ मी'मध्ये दिसणारं येत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली फाइलच नेमकी मागे राहते, ती अशी.

तेव्हा आधी इन्व्हेंटरी घाला. (वारसांच्या वाटणीच्या दाव्याला गोव्यात इन्व्हेंटरी म्हणतात; हा शब्द ऐकला की भाऊ भावाशी बोलायचा थांबतो, ठाऊक आहे. पण ही इन्व्हेंटरी कोर्टात जात नाही.) कोरी शीट घ्या, चार रकाने करा : फाइलचं नाव, मालक, खरोखर कोण वापरतं, शेवटचा बदल कधी. ड्राइव्हच्या यादीत मालकाचा रकाना असतोच. सोडून गेलेल्यांची नावं दिसली की त्या फायली अ‍ॅडमिनकडून चालू माणसाच्या नावावर करून घ्या, किंवा सरळ 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये टाका. तिथली फाइल माणसाची नसते, संस्थेची असते. हे स्थलांतराच्या आधी, नंतर नाही.

यादी करताना एक कळेल : निम्म्या फायली दोन-तीन वर्षांत कुणी उघडलेल्याच नाहीत. त्या नव्या जागी नेऊ नका, असं माझं मत. भागीदारांना कचरा दाखवायची हौस कशाला? मात्र पुसूही नका. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. ती उतरवून, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन, एक साहेबांच्या घरी आणि एक ऑफिसात.

आता तुमची स्टॉकची शीट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण हे फसणं आवाज न करता होतं.

गूगल शीटमध्ये 'इम्पोर्टरेंज' नावाचं सूत्र असतं, एका शीटमधले आकडे दुसरीत ओढणारं. 'क्वेरी' असतं, गाळून देणारं. एक्सेलला ही दोन्ही ठाऊक नाहीत. मग शीट एक्सेलमध्ये उतरवली की काय होतं? लाल अक्षरात चूक दाखवली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही. गूगल त्या घरात 'इफएरर' आणि त्याच्या पोटात 'डमीफंक्शन' असं लांबलचक काहीतरी लिहून ठेवतं, आणि शेवटी त्या दिवशीचा आकडा. एक्सेलला डमीफंक्शन कळत नाही, चूक येते, म्हणून इफएरर तो ठेवलेला आकडा दाखवतो. बरोबर आकडा. पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पण तोच. गोदामातून चारशे खोकी गेली तरी तोच. तुम्हाला वाटतं शीट चालतेय.

म्हणून नवी एक्सेल उघडल्याबरोबर शोधाच्या खिडकीत रोमन अक्षरांत 'डमीफंक्शन' (DUMMYFUNCTION) टाइप करा आणि शोध 'फॉर्म्युला'मध्ये लावा. जिथे जिथे सापडेल, ते घर मेलेलं समजा. तिथे 'पॉवर क्वेरी' (दुसऱ्या फाइलमधले आकडे ओढणारी एक्सेलची सोय) किंवा एक्सेलचं 'फिल्टर' वापरून सूत्र नव्याने बांधावं लागेल. हे काम संगणकवाल्याचं नाही, तुमचं; कारण कुठला आकडा कुठून यायचा हे त्याला माहीत नाही. त्याला शेजारी बसवा, हवं तर चहा द्या. मग गोदामाच्या शीटमध्ये एक खोटी आवक टाकून बघा, तुमच्याकडचा आकडा हलतो का. हलला तरच सही करा.

नावांचंही एक लफडं आहे. ड्राइव्हवर "१२/०६ मीटिंग : रेट?" असं नाव चालतं. शेअरपॉइंटवर तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, यातलं काहीच चालत नाही. ड्राइव्हवर एकाच फोल्डरात 'इन्व्हॉइस फायनल' नावाच्या तीन फायली गुण्यागोविंदाने नांदतात, तिकडे नांदू देत नाहीत. आणि फोल्डरात फोल्डर करत गेलात तर पूर्ण पत्ता फाइलच्या नावासकट ४०० अक्षरांत बसायला हवा. आपण मराठीत नावं देणारे इथे मार खातो. 'कार्यालयीन' यात तुम्हाला पाच अक्षरं दिसतात, संगणक दहा मोजतो. काना, वेलांटी, रफाराचा पाय मोडलेला र, सगळं सुटं. चारशे ऐकायला खूप वाटतात, पण "कार्यालयीन पत्रव्यवहार" आणि त्याच्या आत "शासकीय पत्रव्यवहार" असली घराणी असली की संपतात.

काय येत नाही हे थोडक्यात : फाइलचा जुन्या बदलांचा इतिहास येत नाही, डॉक्समध्ये दिलेल्या लिंका जुन्याच पत्त्यावर जातात, गूगल फॉर्म एक्सेल-वर्डसारखा उतरत नाही (उत्तरं तेवढी शीटमध्ये काढून घ्या), आणि कुणी हौशी मुलाने अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलच्या फायलींत कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहून ठेवली असेल तर ती विसरा.

लिंकांवरून माझीच एक फजिती सांगते. वेर्ण्याला मी बरीच वर्षं दस्तऐवज सांभाळायचं काम केलं. आम्हीही एकदा असंच इकडून तिकडे गेलो. यादी चोख, सूत्रं तपासलेली, मी खूश. सोमवारी सकाळपाळीचा ऑपरेटर खालून वर आला, हातात प्लास्टिक चढवलेलं कार्ड. प्रत्येक मशीनला तसं कार्ड सुतळीने बांधलेलं होतं, त्यावर क्यूआर कोड. मोबाइल धरला की साफसफाईची पद्धत उघडायची. आता 'परवानगी मागा' एवढंच उघडत होतं. कार्डं मीच छापून घेतली होती आणि मीच विसरले होते. चाळीसेक कार्डं पुन्हा छापली, सुतळीसुद्धा मीच बांधली. तुमच्याकडे भिंतीवर, मशीनवर, पार्ट्यांना पाठवलेल्या मेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात जुन्या लिंका कुठे कुठे चिकटल्यात, ते कारखान्यात पायी फिरून बघा. ड्राइव्हमध्ये शोधून ते सापडत नाही.

संगणकवाल्याला एवढंच विचारा की मायक्रोसॉफ्टचं 'मायग्रेशन मॅनेजर' वापरणार का. ते शेअरपॉइंटच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये असतं, आधी स्कॅन करून अडचणीच्या फायली दाखवतं, आणि डॉक्स-शीट्स वर्ड-एक्सेलमध्ये बदलून नेतं. हाताने उतरवून चढवण्यापेक्षा कधीही बरं. तरी पहिल्यांदा फक्त तुमच्या वीस फायली न्यायला सांगा. आठवडाभर त्यावर काम करा. मग बाकीचं. आणि सगळं गेल्यावर जुन्या ड्राइव्हवर लिहायची परवानगी काढून घ्या, वाचायची तीनेक महिने ठेवा. दोन्हीकडे लिहिता आलं तर अर्धे लोक इकडे उधारी मांडतील, अर्धे तिकडे, आणि मेळ तुम्ही घालत बसाल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वीस वर्षांची इतिवृत्तं वर्डमध्ये आहेत, काही कृतिदेव, काही श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांत. ती ऑनलाइन जागी हलवली. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा काला. फायली बिघडल्या का?
– एक सचिव, डिचोली

उत्तर : बिघडल्या नाहीत, त्या पहिल्यापासून तशाच होत्या. कृतिदेवमध्ये तुम्हाला 'भारत' दिसतं, पण फाइलच्या आत एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या जागी मुखवटा गळतो. म्हणून शोधात 'सभासद' टाकलंत तरी काही सापडणार नाही. ज्या जुन्या संगणकावर फॉन्ट आहे तिथेच आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, ती तुमची साक्ष. मग फॉन्टप्रमाणे वेगळे गठ्ठे करून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, बदला. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला चालत नाही. बदललेलं पीडीएफशी ताडताना रफार, पहिली वेलांटी आणि आकडे बघा, चुका तिथेच होतात. वर्गणीच्या रकमा तर दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने.

प्रश्न : नोकरी सोडताना ड्राइव्हवरचं माझं काम पेन ड्राइव्हवर कॉपी केलं. शंभरावर डॉक्स आहेत, पण एकेक फाइल जेमतेम १ केबीची. एवढी लहान कशी?
– म्हापसा

उत्तर : कारण त्यात मजकूर नाहीच, फक्त पत्ता आहे. संगणकावर दिसणारी जीडॉक फाइल म्हणजे ड्राइव्हवरच्या कागदाकडे बोट दाखवणारी पाटी. खातं बंद झालं की बोट हवेत. जे तुमचं स्वतःचं आणि न्यायला मुभा असलेलं आहे, ते खातं चालू असेतो वर्डमध्ये डाउनलोड करा. मुभा आहे की नाही, ते ऑफिसला लेखी विचारा. शेवटचा दिवस कधी आहे तुमचा?