बँजोवर राग, बँजोवरच करिअर?

पत्र: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रालेजवळ राहतो. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. पाच वर्षं ती पाच तारांचा बँजो शिकते आहे, सोबत हिंदुस्थानी गायन प्रवेशिका पूर्णपर्यंत झालंय. आता म्हणते, राग आणि ब्लूग्रास (बँजोवर चालणारं अमेरिकी लोकसंगीत) एकत्र करून बँजोवरच करिअर करणार. याची पदवी असते का? पोट भरेल का? की आधी कॉम्प्युटर सायन्स करू दे?

सप्रेम नमस्कार,

आधी भारतातल्या नातेवाइकांचा एक गैरसमज दूर करा. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बेंजो वेगळा आणि मुलीचा बँजो वेगळा.

तिची वाट खरी आहे. अमेरिकी बँजोवादक बेला फ्लेक यांनी १९९६ मध्ये मोहनवीणावादक विश्वमोहन भट यांच्यासोबत, २००९ मध्ये तबलावादक झाकीर हुसेन आणि बासवादक एडगर मायर यांच्यासोबत रेकॉर्डिंग केलं. २०२३ मध्ये या तिघांत बासरीवादक राकेश चौरसिया आले आणि त्या अल्बमला पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले. पण यातला प्रत्येक जण आपापल्या परंपरेत पक्का होता. फ्लेक बँजोवादक टोनी ट्रिश्का यांच्याकडे शिकले आणि १९८० च्या दशकात न्यू ग्रास रिव्हायव्हल या बँडसोबत गावोगाव वाजवत राहिले. म्हणून मुलीला ‘फ्यूजन’ शिकवणारा कोर्स शोधू नका. बँजो बँजोवाल्याकडे आणि गाणं गाणाऱ्या गुरूंकडे, दोन्ही स्वतंत्र चालू ठेवा.

का, ते वाद्यावरच दिसतं. नेहमीची जुळणी जी, डी, जी, बी, डी. जी म्हणजे पांढरी पाच हा षड्ज धरला, तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम आणि आखूड पाचवी तार वरचा सा. अंगठ्याने सतत वाजणारी ही पाचवी तार सतारीच्या चिकारीचंच (मधूनमधून छेडायच्या सा च्या तारांचं) काम करते. भूप, यमन, खमाज इथे सहज बसतात. बागेश्री घेतला की घोटाळा होतो, कारण रोलमध्ये (उजव्या हाताच्या बोटांच्या ठरलेल्या आवर्ती क्रमात) दुसरी तार मोकळी वाजते आणि शुद्ध गंधार घुसतो. ती बी-फ्लॅटवर उतरवायची. कीथ ट्यूनर ही खास खुंटी बसवून घेतली तर वाजवता वाजवता ती दोन ठरलेल्या स्वरांत फिरवता येते. मालकंसात पंचमच नाही, मग दोन्ही डी तारा सी वर उतरवाव्या लागतात. ताण बदलला की हेडवरची (बँजोच्या ताणलेल्या पडद्यावरची) घोडी किंचित हलते आणि बाकीच्या तारा सरकतात, म्हणून दोन्ही जी शेवटी पुन्हा जुळवायच्या. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक एक आला पाहिजे.

बँजोचा स्वर पटकन विरतो. त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तार छेडल्याबरोबर सुरू व्हावी लागते, आणि पहिली तार बाहेर ओढली तर पट्टीवरून निसटते, ती आत ढकलायची. अर्ध्या स्वराचं आंदोलन छान येतं. दरबारीची लांब मींड या वाद्याकडून मागू नये, असं मला वाटतं.

लयीचं तर आणखीच. ब्लूग्रासचा फॉरवर्ड रोल आठ स्वरांचा, ३-३-२ असा. तीनतालात तो दोनदा पूर्ण बसतो. रूपकात सातच मात्रा, सवयीचा हात आठवा स्वर ओततो आणि प्रत्येक आवर्तनाला सम एक स्वराने पुढे सरकते. इथे ३-२-२ चा रोल नव्याने बसवायचा, तोंडाने बोल म्हणत. उजवा हात इतका मोकळा व्हायला आधी अर्ल स्क्रग्स यांची तीन बोटांची पद्धत पक्की हवी. मेट्रोनोमच्या ठोक्याला चार स्वर, ७० पासून १२० पर्यंत, बोटांत घातलेल्या नख्यांचा खडखडाट न होता. मग बिल कीथ यांची मेलॉडिक आणि डॉन रेनो यांची सिंगल-स्ट्रिंग पद्धत. तानांसाठी याच दोन कामी येतात.

पदवी आहे. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात बँजो मुख्य वाद्य म्हणून घेता येतो. टेनेसीतल्या जॉन्सन सिटीला ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत ब्लूग्रासचा अभ्यासक्रम १९८२ पासून आहे. मोठं कर्ज काढून बर्कलीला पाठवू नका. स्कॉलरशिपचं पत्र हातात आल्यावर उरलेला आकडा बघा.

कॉम्प्युटर सायन्सबद्दल बँजोवादक ॲलिसन ब्राऊन यांच्याकडे बघा. हार्वर्डची पदवी, यूसीएलएचं एमबीए, गुंतवणूक बँकेत नोकरी, मग पूर्णवेळ बँजो आणि नॅशव्हिलमध्ये कंपास रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी. दुसऱ्या पदवीने हात बिघडत नाही, रियाज बंद पडला तर बिघडतो. रोजचे दोन तास राहणार असतील तर मुलीला हवं ते निवडू द्या.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते: नुसत्या कार्यक्रमांवर भागणं अवघड. शिकवण्या, रेकॉर्डिंग सेशन, दौरे आणि स्वतःच्या रचना मिळून उत्पन्न होतं. पारंपरिक चालीवर संगीतकार म्हणून रॉयल्टी येत नाही, म्हणून तिने आत्तापासून स्वतःच्या चाली कराव्यात. रचनांची नोंद बीएमआय किंवा ॲस्कॅप या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांकडे, रेकॉर्डिंगची तशाच साउंडएक्स्चेंजकडे. तबलजी किंवा गायकासोबत काही केलं तर कोणाचा किती वाटा, हे त्याच दिवशी लिहून सह्या घ्यायच्या. मिश्र संगीतात भांडणं इथेच होतात. स्वतंत्र कलाकाराला कर वर्षातून चार वेळा भरावा लागतो. आरोग्य विमा तिला तुमच्या पॉलिसीवर २६ वर्षांपर्यंत मिळतो, तेवढी मुदत मोलाची आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. कुटुंब एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) वर असेल तर तिला मानधन घेऊन वाजवता येणार नाही, लग्नातही नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर संगीताची पदवी घेतली तर नंतर कामाला १२ महिने मिळतात, स्टेमवाल्यांची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) २४ महिन्यांची वाढ नाही. संगीत की कॉम्प्युटर, या निर्णयात हा फरक मोठा आहे. कॉलेजांची यादी करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बसा.