बेल्ट घसरतोय म्हणून दात बसवायचे का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : दादा नमस्कार. माझी २०१६ ची मस्टँग जीटी आहे, ५ लिटरचं कायोटी इंजिन, सहा गिअर मॅन्युअल. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) टाकायचं ठरलंय, बायकोची परवानगीपण मिळाली (लेखी नाही). आता अडलंय ते ड्राइव्हवर, म्हणजे तो कुठल्या बेल्टनं फिरवायचा यावर. एक ऑप्शन म्हणजे कंपनीचा ६ रिबचा (आतून लांबीभर सहा धारा असलेला) बेल्ट तोच वापरायचा, दुसरा सुपरचार्जरला वेगळा ८ रिबचा बेल्ट, आणि तिसरा कॉग ड्राइव्ह, म्हणजे दातेरी बेल्ट. ट्रॅकवर जाणारे मित्र म्हणतात कॉग घे, स्लिपचा विषयच संपला. गाडी रोज ऑफिसला जाते, शनिवार-रविवार डोंगरातल्या रस्त्यांवर. काय घेऊ?

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीयेत, कॉग बेल्ट खरंच स्लिप होत नाही, पण त्यांची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर जाते आणि तुमची ऑफिसला, हा फरक ते सांगायला विसरले.

आधी पेट्रोलपासून सुरू करू, कारण ड्राइव्ह किती तगडा हवा ते शेवटी पेट्रोलच ठरवतं. तुमच्याकडे पंपावर ९१ ऑक्टेन मिळतं, इंजिनचं कॉम्प्रेशन ११:१, म्हणजे ट्यूनर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग करणारा) तुम्हाला साधारण सात-आठ पीएसआय बूस्टच्या (हवेच्या जास्तीच्या दाबाच्या) पुढे जाऊ देणार नाही आणि त्यानं जाऊ देऊही नये. तेवढ्या बूस्टला सुपरचार्जर फिरवायला माझ्या ढोबळ हिशोबानं ३५ ते ४० हॉर्सपॉवर लागते. बेल्टवर एवढाच भार आहे. आता तुलना बघा, डॉजची पहिली हेलकॅट आली ७०७ हॉर्सपॉवरची, तिचा सुपरचार्जर फिरवायलाच ८० हॉर्सपॉवर जाते असं डॉजनं स्वतः सांगितलेलं, आणि ती रिबवाल्या बेल्टवरच चालते. शेवरलेनं २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ ला ६३८ हॉर्सपॉवर दिली तेव्हा त्यांनीही दात नाही बसवले, ११ रिबचा रुंद बेल्ट घातला. वॉरंटी द्यायची असली की कंपन्या रिबकडे का जातात याचा विचार करा.

त्याचं कारण असं की रस्त्यावर थोडंसं घसरणं ही सोय आहे. तुम्ही सात हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) दुसऱ्यातून तिसरा टाकला की इंजिन डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच हजाराच्या खाली येतं, पण तिकडे सुपरचार्जरच्या आतला इम्पेलर ५० हजारांच्या वर फिरत असतो आणि त्याला काही एवढ्यात थांबायचं नसतं, मग तो बेल्टला उलटा ओढतो. रिबचा बेल्ट तिथे केसभर सरकतो आणि झटका गिळतो. दातेरी बेल्ट गिळत नाही, जसाच्या तसा पुढे देतो, सुपरचार्जरच्या गिअरना, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) चावीला, म्हणजे पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या पाचरीला, पुढच्या मेन बेअरिंगला. मी स्वतः हा धडा पैसे देऊन शिकलोय, जुन्या मस्टँगला हौसेनं कॉग लावला, बेल्ट एकदाही घसरला नाही, क्रँकवरची चावी मात्र कापली गेली आणि बेल्ट वर तसाच नवाकोरा, माझ्याकडे बघून हसत. तुमच्या कायोटीत तर ऑइल पंपाचे गिअर पावडर मेटलचे असतात, तेही क्रँकच्या नाकावरच फिरतात, आणि बूस्ट टाकलेल्या गाड्यांत रेव्ह लिमिटरवर (कमाल आरपीएमला इंजिन रोखणाऱ्या सेटिंगवर) आपटून ते फुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पुढचं कव्हर उघडणारच असाल तर तेवढे बिलेटचे, म्हणजे अखंड पोलादातून कापलेले, घालून घ्या.

दातेरी बेल्टचा आवाज, तो शिट्टीसारखा, तो काहींना आवडतो हे मान्य. हा बेल्ट आला जुन्या हॉटरॉडवाल्यांकडून, म्हणजे जुन्या गाड्यांत तगडी इंजिनं घालणाऱ्यांकडून. जीएमसीच्या ६-७१ टू-स्ट्रोक डिझेलचा (सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्युबिक इंच, म्हणून ६-७१) रूट्स ब्लोअर (जुन्या पद्धतीचा सुपरचार्जर) काढून ते लोक व्ही-८ च्या डोक्यावर बसवायचे आणि पुढे तीन इंच रुंद दातेरी बेल्ट. दिसायला राजबिंडं. पण त्यात इंजिन तापलं की अॅल्युमिनियम फुगतं, ब्लोअर वर उचलला जातो आणि बेल्ट आणखी ताणला जातो, म्हणून थंड असताना तो जरा ढिला ठेवायचा हे ज्ञान लागतं. दात आणि पुलीच्या मध्ये एखादा खडा गेला तरी संपलं.

तर मग ६ की ८? इथे बहुतेक जण फक्त रिब मोजतात आणि खरी गोष्ट सोडून देतात. आपल्याकडे गावाला बैल ओढ घेत असला की कासऱ्याचे खुंट्याला दोन वेढे देतात, मग बारकं पोरगंही बैल धरून ठेवतं, आठवतंय? बेल्टचं तेच. पुलीला बेल्ट किती वळसा घालतो यावर पकड ठरते आणि ती पकड वळशाबरोबर पटीपटीनं वाढते. सुपरचार्जरची पुली लहान, तिलाच वळसा कमी मिळतो, म्हणून स्लिप बहुतेक वेळा तिथेच. जिथे बेल्ट पुलीला जेमतेम एक तृतीयांश फेर घालतोय असा ८ रिबचा ड्राइव्ह, आणि जिथे आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) जवळ आणून निम्म्याहून जास्त फेर घातलाय असा ६ रिबचा, यातला दुसरा घ्या. किटचा फोटो बघताना रंगीत पुल्या बघू नका, सुपरचार्जरच्या पुलीला किती वेढा पडलाय ते बघा.

दुसरी गोष्ट पुलीच्या साइझची. बूस्ट वाढवायचं म्हटलं की सगळे सुपरचार्जरची पुली लहान करतात कारण ती स्वस्त आणि अर्ध्या तासात बदलते. पण रेशो तोच ठेवून दोन्ही पुल्या मोठ्या घेतल्या तर बेल्ट जास्त वेगानं पळतो आणि तेवढंच काम कमी ओढीत होतं. हिशोब सांगतो, सात हजार आरपीएमला ३८ हॉर्सपॉवर पोचवायची तर क्रँकची पुली सहा इंची असेल तेव्हा बेल्टला साधारण ५२ किलोची ओढ लागते, साडेसात इंची असेल तर ४१ किलोची. वर मोठ्या पुलीवर रबराची लांबीपण जास्त टेकते. फक्त क्रँकची पुली मोठी केली आणि बाकी सगळं त्याच बेल्टवर असेल तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपही जास्त जोरात फिरतात, म्हणून वेगळा बेल्ट असलेला ड्राइव्ह बरा. त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. सुपरचार्जरचा बेल्ट तुटला तर तुम्ही बिनबूस्टचे पण गाडी चालवत घरी येता, एकच बेल्ट असेल आणि तो तुटला तर वॉटर पंप बंद, आणि तुम्ही डोंगरात कडेला उभे.

लहान पुलीचा मोह होईलच म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. सेंट्रिफ्युगलमध्ये पुली १० टक्के लहान केली की इम्पेलर ११ टक्के जोरात फिरतो, पण त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या आसपास वाढते, म्हणजे बेल्टवरचा भार जवळजवळ एक तृतीयांशानं वर. आणि इम्पेलरला कमाल आरपीएमची मर्यादा असते. क्रँक पुली ७.५ इंच, सुपरचार्जरची ३.७५, म्हणजे दुप्पट, आतल्या गिअरचा रेशो समजा ४, तर ७००० आरपीएमला इम्पेलर ५६ हजार. तुमच्या युनिटची मर्यादा कागदावर बघा आणि हा गुणाकार स्वतः करा, दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका.

टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) स्प्रिंगचा घ्या, बेल्टच्या सैल बाजूला बसलेला. स्क्रूनं आवळायचे टेन्शनर चांगले असतात पण ते हातात आले की माणूस "अजून एक पीळ" करत राहतो आणि बेअरिंगं खातो.

राहिला कायदा. कॅलिफोर्नियात किटला कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एग्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरी, हवा नाहीतर स्मॉग चेकला (धुराच्या तपासणीला) गाडी अडकेल, आणि हा नंबर ज्या पुलीसकट, ज्या ड्राइव्हसकट दिलाय तेवढ्यालाच लागू. म्हणून माझं मत असं : तुमच्या वर्षाच्या मस्टँगला पास झालेलं आणि सुपरचार्जरला वेगळा ८ रिबचा बेल्ट देणारं किट मिळत असेल तर डोळे मिटून तेच. नसेल तर पास झालेलं ६ रिबचं घ्या, त्यांनी दिलेली पुली तशीच ठेवा, आठ पीएसआयला ते पुरतं. कॉग नको.

प्रश्न (डॅलस) : माझ्याकडे असंच किट दोन वर्षं आहे. आधी रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) बूस्ट चढायचं, आता साडेपाच हजारानंतर एकाच आकड्यावर अडकतं. बेल्ट नवा टाकला, दोन आठवड्यांत परत तेच, बॉनेटखाली काळा भुसा. बेल्टला कुठे तडा नाही. स्प्रे मारू का?

उत्तर : स्प्रे मारू नका. पूर्वी पिठाच्या गिरणीत पट्टा घसरला की राळ चोळायचे, तिथे ठीक होतं. रिबच्या बेल्टला चिकट लावलं की खोबणीत धूळ बसते आणि पुढच्या महिन्यात आणखी घसरतो. तडा नाही म्हणून बेल्ट चांगला हेही विसरा, हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे, ते तडकत नाहीत, जुन्या सायकलच्या टायरसारखे झिजतात.

नवा बेल्टही तसाच झिजला म्हणजे दोष बेल्टमध्ये नाही. सेंट्रिफ्युगलचं बूस्ट आरपीएमबरोबर चढतंच राहायला हवं, अडकलं तर बेल्ट घसरतोय किंवा हवा कुठेतरी गळतेय, बायपास व्हॉल्व्ह (जास्तीची हवा सोडणारा) नीट बंद होत नसेल तरी ग्राफ असाच दिसतो. पण काळा भुसा आहे म्हणून आधी बेल्टकडे बघू. एकदा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत न्या (रस्त्यावर नको), लगेच थांबवून इंजिन बंद करा आणि इन्फ्रारेड गननं प्रत्येक पुलीचं टेम्परेचर घ्या, जी पुली बाकीच्यांपेक्षा खूप गरम तिथे घसरतंय. मग सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत का बघा, एखाद मिलिमीटरचा फरकही बेल्टची एक कड खातो. सुपरचार्जरचा ब्रॅकेट ढिला होऊन वाकलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. टेन्शनर त्याच्या खुणेच्या शेवटाला टेकला असेल तर बेल्ट लांब पडतोय, एक साइझ लहान आणा. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही : क्रँकच्या डँपरची (पुढच्या टोकावरच्या, थरथर गिळणाऱ्या पुलीची) बाहेरची रिंग आतल्या हबला रबरानं चिकटवलेली असते, तीच रबरावर सरकते. हब ते रिंग पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा, आठवडाभरानं रेघ तुटलेली दिसली तर बेल्टला उगाच शिव्या घातल्या. मग डँपर एसएफआय १८.१ (रेसिंगमधलं सुरक्षेचं मानक) वाला घ्या.

खरखरीत कोटिंगच्या पुल्या मिळतात, त्या पकडतात खऱ्या, पण बेल्ट किसणीवर घासल्यासारखा जातो. त्या घ्यायच्या तर हे सगळं तपासून झाल्यावरच.

प्रश्न (पुणे) : काका, इथे माझ्या हॅचबॅकला सुपरचार्जर बसवता येईल का?

उत्तर : बसेल रे, पण आरसी बुकात काय लिहिणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडी बदलता येत नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले बॉनेट उघडणार हे धरून चाल. टायर आणि ब्रेकवर खर्च कर.

प्रश्न (परत डॅलस, आठवड्यानंतर) : रेघ तुटली दादा! डँपर मागवलाय. गाडीत जास्तीचा बेल्ट ठेवू का?

उत्तर : ठेवा, आणि त्याच्यासोबत टेन्शनर ओढायला अर्ध्या इंची ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना) पण ठेवा. बारशिवाय बेल्ट असेल तर तो गळ्यात हारासारखा घालून टो ट्रकची वाट बघावी लागते, आणि ऑगस्टमधल्या टेक्सासच्या उन्हात मी ते करून बसलोय.