नागपुरात घरच्या रास्पबेरी पायवर जेमिनी सर्व्हर चालेल का, की भाड्याचाच घ्यावा?

तुम्ही विचारलंय की घरात पडून असलेल्या रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर जेमिनी प्रोटोकॉलचा सर्व्हर चालवून मराठी लेख ठेवता येतील का, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो तग धरेल का. ठेवता येतील आणि तगही धरेल. मी नागपुरातच, मानेवाड्याला घरूनच चालवतो. भाड्याचा सर्व्हर घेण्याआधी फक्त एक गोष्ट तपासा, ती म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता (बाहेरून थेट गाठता येणारा आयपी क्रमांक) आहे की नाही. खरी अडचण तिथेच येते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: हा जेमिनी गूगलचा नव्हे, इंटरनेटवर साधी मजकुराची पानं वाचण्याची ही एक पद्धत आहे. २०१९ मध्ये सोल्डरपंक या टोपणनावाच्या माणसाने तो सुरू केला. त्याचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, १९६५ आहे, कारण नासाच्या जेमिनी मोहिमेचं पहिलं मानवी उड्डाण त्या वर्षी झालं. वाचकाचं सॉफ्टवेअर फक्त एका ओळीत पत्ता पाठवतं, सर्व्हर दोन आकडी उत्तर देऊन मजकूर पाठवतो आणि जोडणी बंद. वाचकाचा माग ठेवणारी कुकी नाही, पानात चालणारी स्क्रिप्ट नाही. अक्षर केवढं आणि रंग कोणता, हे वाचणारा ठरवतो. मला हे मनापासून आवडतं. चार परिच्छेदांचा मराठी लेख वाचायला माणसाने जाहिराती का बाजूला साराव्यात?

आता पत्ता. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही किंवा नुसत्या १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला आहे. मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. अशा वेळी कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, घ्या. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता) मिळत असेल तर तेही चालतं, पण ज्यांच्याकडे ते नाही त्यांना तुमचं पान उघडणार नाही. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यात स्वस्त भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावरून वायरगार्डने (दोन यंत्रांमध्ये खासगी बोगदा करणारं सॉफ्टवेअर) १९६५ पोर्ट घरी वळवायचा. लेख आणि प्रमाणपत्राची गुप्त किल्ली घरीच राहतात, बाहेरचा सर्व्हर फक्त वाट दाखवतो.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर म्हणून अगेट घ्या. एकच फाइल असते, टीएलएसचं (जोडणी सांकेतिक करण्याच्या पद्धतीचं) प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरची ओळख, ते स्वतः तयार करतं, आणि भाषा मराठी आहे हे सुरू करतानाच सांगता येतं. फाइलींची नावं मात्र रोमन लिपीत ठेवा. जेमिनीत पत्त्याची मर्यादा १०२४ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात ९ बाइट खातं. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे नुसतं ‘नागपूर’ लिहिलं की ५४ गेले. वाचकांचे अभिप्राय घ्यायचे असतील तर तेही पत्त्याच्या याच ओळीतून येतात, म्हणजे मराठीत जेमतेम शंभर चिन्हं. आतल्या मजकुराला अशी कुठलीच मर्यादा नाही. पान लॅग्रेंज या जेमिनी वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि टर्मिनलवर (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्येही उघडून बघा. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं बरेचदा मोडतात.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पाय ४ ची चिप ८० अंशांना पोहोचली की स्वतःचा वेग कमी करते. मजकूर वाटायला तिला फारसं काम पडत नाही, त्यामुळे मे महिन्यातही एक हीटसिंक (चिपवर चिकटवायचा, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पुरतो. सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळेल. फक्त स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको, ती ओली हवा बोर्डाला वाईट.

उन्हापेक्षा मला जास्त धास्ती लाइनची, म्हणजे विजेची वाटते. लाइन गेली की घरचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणभरात पाय बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि नेमकं तेव्हा काही लिहिलं जात असेल तर एसडी कार्ड बिघडतं. राउटर आणि पाय दोन्हींना छोटा डीसी यूपीएस (वीज गेली तरी न थांबता पुरवठा करणारी बॅटरी) लावा. पायला ५ व्होल्ट लागतात आणि राउटरला बहुधा १२, हे बघून घ्या. सर्व्हरच्या रोजच्या नोंदी (लॉग) कार्डावर लिहिणं बंद करा.

लेखांसोबत प्रमाणपत्राच्या फोल्डरचीही प्रत दुसरीकडे ठेवा. जेमिनीत वाचकाचं सॉफ्टवेअर पहिल्या भेटीत तुमचं प्रमाणपत्र लक्षात ठेवतं. कार्ड गेलं आणि तुम्ही नवं प्रमाणपत्र केलंत, तर जुन्या प्रत्येक वाचकाला इशारा दिसेल की हा सर्व्हर तोच नसावा. नेहमी येणारे वाचक तिथूनच परत फिरतात.

सगळं लागलं की घरच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत आणि सर्व्हर बंद आहे असं वाटतं. मोबाइलच्या डेटावर उघडा. उघडलं की पत्ता इथे टाका, मला वाचायला आवडेल.