"देव मला पुढच्या कशासाठी तरी तयार करतोय का?" ही भीती घेऊन येणाऱ्यांसाठी

नंदुरबारला मी समुपदेशन करते, आणि माझ्याकडे हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता समोरचा दोन वाक्यं बोलला की ओळखू येतो. कुणी म्हणतं साडेसाती आहे, कुणी म्हणतं देव परीक्षा बघतोय, आणि आमच्याकडचे ख्रिस्ती लोक म्हणतात देव पुढच्यासाठी तयारी करून घेतोय. ऐकायला हे तिसरं सगळ्यात चांगलं वाटतं, पण तेच डोक्यात उलटं बसलं की झोप उडते. तयारी चाललीये म्हणजे पुढे काहीतरी मोठं येणार, आणि आत्ताच एवढं सोसलंय तर ते केवढं असेल!

अशाच एक ताई होत्या (ओळख लागेल असं सगळं बदललंय). मिस्टर मिरचीच्या पथारीवर मुकादम, त्यांची अँजिओप्लास्टी झाली, महिनाभर घरी बसले, त्यात अवकाळी येऊन पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजली म्हणून मालकानं हात आखडला, आणि वर सासूबाई गेल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून गेला, देव तुला तयार करतोय. चांगल्या मनानंच. ताईंनी त्यावरून हिशोब मांडला की आता पोराचा नंबर. मुलगा सुरतला कामाला, रात्री उशिरा फोन वाजला की यांचे हात कापायचे.

"मना जीव घाबरस ताई, आते काय व्हई?" त्या मला अहिराणीत विचारायच्या.

मी श्रद्धेवर वाद घालत नाही. घडलं त्यापेक्षा घडल्याचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो असं मी पहिल्यापासून मानते, पण तो अर्थ बदलायचा तर माणसाच्या स्वतःच्याच श्रद्धेतून बदलतो, माझ्या पुस्तकातून आणून चिकटवला तर चार दिवस टिकत नाही. ताई संडे स्कूल घेतात, म्हणजे रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवतात, हे बोलता बोलता कळलं होतं, म्हणून एक दिवस म्हटलं, मला बायबलमधली दावीद आणि गल्याथाची गोष्ट सांगा, पोरांना सांगता तशी.

छान सांगितली हो. गल्याथ हा शत्रूचा धिप्पाड योद्धा, त्याच्याशी लढायला दावीद निघतो. शौल राजा म्हणतो तू पोरगा आहेस, तेव्हा दावीद सांगतो की मी बापाची मेंढरं राखत असताना सिंह आला, अस्वल आलं, दोन्ही मारली.

"अस्वल मारलं तेव्हा त्याला गल्याथ माहीत होता?"

"नाही ना. कसा असेल?"

"मग तेव्हा तो कशाची तयारी करत होता?"

बराच वेळ बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "तयारी कसली, कोकरू वाचवत होता."

"तुमचं कोकरू कोणतं सध्या?"

"यांच्या गोळ्या," म्हणाल्या, आणि हसल्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

मला तिथे जे लख्ख दिसलं ते मी आता सगळ्यांना सांगते. सिंह-अस्वलातून देवानं सोडवलं हे दावीद मागे वळून बोलतोय, अस्वलासमोर उभा राहून नाही. "देवानं तयार केलं" याचंही तसंच आहे. मागे बघून म्हटलं तर त्या वाक्यानं बळ येतं, पुढे बघून म्हटलं की त्याचं भविष्य सांगणं होतं, आणि ते तर कुठल्याच पाळकानं तुम्हाला सांगितलेलं नसतं. पुढे बघताना आजचं काम धरा. ताईंनी गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे लावला, मुलाशी ठरवलं की रात्री नऊला तोच फोन करेल, एवढंच.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. बायबलमधल्या ईयोबावर एकामागून एक संकटं आली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून होते, तिथपर्यंत ते चांगलेच मित्र होते, बिनसलं ते कारणं सांगायला लागल्यावर. दुःख ताजं असताना देवाचा प्लॅन सांगू नका, डबा घेऊन जा, दवाखान्याच्या लाईनीत उभे राहा.

झोप, भूक दोन आठवड्यांवर बिघडलेली असेल, जगणं नको वाटत असेल तर मात्र नुसती प्रार्थना आणि गप्पा यावर थांबू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ताईंनासुद्धा मी पहिल्याच भेटीत फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं होतं, थायरॉईड आणि बीपी बघून घ्या म्हणून.